तारेवरची सरळ नावं

बोर्डवाल्या काकांना नवीन माणूस भेटला की ते आधी त्याचं नाव विचारत आणि लगेच ते उलटं करून बघत. मला त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "नाव काय तुझं?" मी म्हटलं, "वैशाली." त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि म्हणाले, "लीशावै. वाकडं आहे, पण ऐकायला परदेशी हिरॉईनसारखं वाटतं. हरकत नाही." मला काय बोलावं ते कळलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि मला तसंही कुणाशी काय बोलावं ते कळत नसे.

"मी तुम्हाला काय म्हणू?" मी विचारलं.

"काका म्हण. मामा, दादा, नाना, काहीही चालेल. फक्त भाऊ नको. भाऊ उलटं केलं की ऊभा होतं, आणि मी आधीच दिवसभर उभा असतो."

उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमध्ये, बाजाराच्या तोंडाशी एक जुनी कनक टॉकीज होती. काका तिथे पिक्चरच्या नावाचा बोर्ड लावत. तिकीट फाडणं, पंखे पुसणं, खुर्च्यांचे स्क्रू आवळणं अशी बाकीची कामंही त्यांच्याकडे होती, पण ती ते कामात धरत नसत. "मी बोर्ड लावतो," एवढंच सांगत. जे नाव पुढून आणि मागून सारखंच वाचता येतं त्याला ते 'सरळ नाव' म्हणत. बाकी सगळी वाकडी. कनक सरळ, टॉकीज वाकडं. टॉकीजची जी काही अडचण होती ती त्यांच्या मते या दुसऱ्या शब्दामुळे होती. कर्जतपासून कल्याणपर्यंत एकही स्टेशन सरळ नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

हे वेड त्यांना कसं लागलं ते कळायला आधी तो बोर्ड कसा होता ते सांगायला हवं. पूर्वी टॉकीजच्या कपाळावर लाकडी बोर्ड होता. रस्ता रुंद झाला तेव्हा इमारतीचं कपाळच गेलं. मग टॉकीजच्या गॅलरीपासून समोरच्या लालासेठच्या जीन्सच्या दुकानाच्या गॅलरीपर्यंत, रस्त्यावरून आडवी, एक तार बांधली. त्या तारेवर पत्र्याची अक्षरं टांगायची. एका पत्र्यावर एक अक्षर, काना-मात्रेसकट, दोन्ही बाजूंना तेच रंगवलेलं. म्हणजे रस्त्याच्या दोन्हीकडून अक्षर सुलटंच दिसे, पण अक्षरांचा क्रम बदले. स्टेशनकडून येणारा माणूस नाव नीट वाचायचा आणि बाजाराकडून येणारा तेच नाव शेवटाकडून.

दुसरी तार का नाही बांधली, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "लालाने एकच खिळा ठोकू दिला. वर सांगितलं, एक कील बोला तो एक कील."

त्यामुळे बाजाराच्या बाजूला एक वेगळीच सिनेमासृष्टी तयार झाली होती. 'दिलदार दरोगा' नावाचा मारामारीचा हिंदी पिक्चर लागला तेव्हा बाजाराकडून तारेवर 'गारोदरदालदि' असं दिसत होतं. दोन दिवस भाजीवाल्या मावश्या आपापल्या दिवस गेलेल्या सुनांना घेऊन तिकिटाच्या खिडकीवर आल्या. त्यांना वाटलं बाळंतपणातल्या खाण्यापिण्याचा माहितीपट आहे. एक मावशी मध्यंतरात बाहेर येऊन काकांना म्हणाली, "अहो, तासभर झाला, नुसती डोकी फुटतायत. बाईला दिवस कधी जाणार?" काका म्हणाले, "मावशी, तुम्ही चुकीच्या बाजूने आलात." यावर ती जे बोलली ते काकांनी मला कधी पूर्ण सांगितलं नाही.

लालासेठ स्वतः दुकानाच्या दारात बसत, म्हणजे बरोबर तारेखाली. त्यांना मान डावीकडे वळवली की एक पिक्चर दिसे आणि उजवीकडे वळवली की दुसरा. ते ओरडत, "बोर्डवाला! ये दाल-वाल का पिक्चर कौन सी भाषा का है, साईं?" काका वरून सांगत, "मागची बाजू आहे सेठ." "तो पीछे वाले का पैसा क्या खोटा है?" सेठ विचारत. काका मला म्हणाले होते, "लाला माझ्याशी आयुष्यभर भांडला. पण हा एक प्रश्न त्याने बरोबर विचारला."

तो प्रश्न बरोबर का होता, हे मला बाबांकडून कळलं. माझे बाबा लालासेठच्या दुकानावरच्या कारखान्यात जीन्सचे धागे कापतात. आमचं घर बदलापूरच्या पुढे, बारवीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावर. बाबा चौथीपर्यंत शिकले आणि मग भाताची शेती, मजुरी यात वाचन मागे पडलं. कॅम्प तीनला नवीन होते तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी ते पिक्चर बघायला निघाले. कारखान्याचा जिना बाजाराच्या बाजूला उतरतो. तिथे उभं राहून त्यांनी तारेवरचं एकेक अक्षर लावलं, पुन्हा लावलं, आणि खिडकीवर जाऊन जे वाचलं ते मागितलं. खिडकीतला माणूस हसला. मागचे दोघे हसले. बाबा रांगेतून बाहेर पडले.

"मना वाटला, माजाच वाचन गेला," बाबा सांगत होते. "येवढा येत होता तो पन गेला."

काका तेव्हा त्यांच्या घोड्यावर होते. घोडा म्हणजे दोन्ही बाजूंनी चढता येणारी उंच लाकडी शिडी. ती रस्त्यात मधोमध उभी करून काका अक्षरं टांगत आणि दोन्हीकडच्या रिक्षा थांबवत. त्यांनी वरून हे पाहिलं. ते उतरले, बाबांचा दंड धरला, तारेखालून त्यांना स्टेशनच्या बाजूला आणलं आणि म्हणाले, "आता वाच." बाबांनी वाचलं. बरोबर वाचलं. काका म्हणाले, "चूक तुझी नाही, तारेची आहे."

बाबांना तो पिक्चर कुठला होता ते आठवत नाही. पण तो दंड कुठे धरला होता ते ते अजून हात लावून दाखवतात.

त्यानंतर काका सरळ नावांच्या मागे लागले. नाव दोन्हीकडून सारखं असलं की बाजाराकडच्या माणसाला खाली मान घालावी लागत नाही, एवढा साधा हिशोब होता. पण असे पिक्चर येणार किती? नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना मोजके मिळाले आणि ते त्यांना घरच्या लग्नांसारखे आठवत. 'ती नाही नाती' हा रडका कौटुंबिक पिक्चर अकरा आठवडे चालला. 'तेच ते' आला तेव्हा लोक बघून बाहेर येत आणि म्हणत, नाव अगदी खरं आहे. सरळ नावाचा पिक्चर चालणारच, असं काका छातीठोक सांगत. आपटला तरी त्यांच्याकडे कारण असे. 'आ मामा आ' हा लहान मुलांचा पिक्चर तीन दिवसांत उतरला. त्यावर ते म्हणाले, "नावात काही दोष नव्हता. मामा आले नाहीत, त्याला मी काय करणार?"

गंमत म्हणजे काकांनी एकही पिक्चर पूर्ण पाहिला नव्हता. "नाव वाचलं की मला पिक्चर कळतो," ते म्हणत. "आत जाऊन कशाला अंधारात बसायचं?"

त्यांचा सगळ्यात मोठा पिक्चर म्हणजे 'जा लाला जा'. तो लागला त्या शुक्रवारी लालासेठ दुकान उघडून बसले, मान डावीकडे वळवली, वाचलं. उजवीकडे वळवली, वाचलं. मग उठून रस्त्यात आले. "बोर्डवाला! आगे से देखूं तो बोलता है जा, पीछे से देखूं तो बोलता है जा! मैं जाऊं किधर?" त्यांनी तिथल्या तिथे खिळा उपटायला पक्कड मागवली. काका घोड्यावरून उतरले आणि म्हणाले, "सेठ, उपटा. पण त्याआधी एकदा आत जाऊन बघा, हा लाला कोण आहे." सेठ रागारागाने आत गेले. पिक्चरमधला लाला हिरोच होता. गाणी म्हणत होता, गुंडांना बदडत होता, आणि नायिका त्याला लाडाने जा म्हणत होती. सेठ तो पिक्चर सात वेळा बघून आले. उतरला त्या दिवशी तारेकडे बघत म्हणाले, "अब मुझे जाने को कौन बोलेगा?" पक्कड त्यांनी परत पाठवली, पण खिळा काढण्याची धमकी दर आठवड्याला नेमाने देत राहिले.

मी कॉलेज अंबरनाथ पूर्वेला करते. दुपारी सुटल्यावर मी कॅम्प तीनला येत असे आणि बाबांची पाळी संपेपर्यंत टॉकीजच्या पायऱ्यांवर वाचत बसत असे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वर्गात सर प्रश्न विचारत तेव्हा मला उत्तर येत असे, पण हात वर व्हायचा नाही. काकांना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांनीच एकदा विचारलं, "आज वर्गात काय बोललीस?" मी म्हटलं, "हजर."

त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "नाव लांब असलं की मी काय करतो? दोन्ही टोकांची अक्षरं आधी टांगतो. मग आत आत येत जातो. मधलं आपोआप बसतं. तू पण तसंच कर. पहिलं वाक्य पाठ कर, शेवटचं वाक्य पाठ कर. मधलं येतं."

मराठीच्या तासाला आम्हाला शिकवलं की पुढून-मागून सारख्या शब्दाला विलोमपद म्हणतात. आपण जे वर्षानुवर्षं शोधतोय त्याला शास्त्रात नाव आहे हे ऐकून काकांना आनंद होईल, म्हणून मी धावत आले. काकांनी डोळे मिटले, ओठ हलवले. चेहरा पडला. "दपमलोवि," ते म्हणाले. "अगं, ह्यांचं स्वतःचंच नाव वाकडं आहे! तुमच्या सरांना सांग, आधी घर सुधारा." मी सरांना सांगितलं नाही. पण तेव्हा पहिल्यांदा मला काहीतरी सांगावंसं वाटलं होतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना टॉकीज बंद होणार हे ठरलं. जागेवर काय येणार याच्या निरनिराळ्या बातम्या होत्या. काकांनी त्यातली एकही ऐकली नाही. त्यांनी मॅनेजरसाहेबांना फक्त विचारलं, "शेवटचा पिक्चर कुठला?"

मॅनेजरसाहेब म्हणाले, "'दिलदार दरोगा', भाग दुसरा."

काका माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसले. मी त्यांना कामाच्या वेळात बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे जाता जाता पुन्हा गारोदर दालदि," ते म्हणाले. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. "वैशाली, कारखान्यात दर महिन्याला नवीन माणसं येतात. कुणी बिहारचं, कुणी विदर्भातलं, कुणी तुमच्या पाड्यावरचं. पहिल्या सुट्टीला जिना उतरतात, वर बघतात आणि त्यांना वाटतं आपल्यालाच येत नाही. सगळ्यांचे दंड धरायला मी पुरलो नाही. शेवटचा बोर्ड तरी कुणाला खाली मान घालायला लावणारा नको. एक सरळ नाव शोध. तू कॉलेजात आहेस."

मी आठवडाभर वह्या भरल्या. लायब्ररीत बसले. सरळ शब्द पुष्कळ सापडले, पण पिक्चर सापडेना. शेवटी तो आमच्या घरातच निघाला. आई चुलीशी बसून म्हणाली, "त्या वांगणीच्या मिलवाल्या अण्णांचा पिक्चर कधी लागनार हाय? आपली म्हैस हाय त्यात."

मिलवाले अण्णा म्हणजे भाताची गिरणी चालवणारे एक हौशी गृहस्थ. चार वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या पाड्यावर शूटिंग केलं होतं. हिरो त्यांचा मुलगा, गर्दी म्हणजे आम्ही सगळे, आणि एका प्रसंगात आमची म्हैस. पिक्चर कुठेच लागला नव्हता. नाव होतं 'ती माझी माती'.

मी आधी बोटांवर मोजलं. मग वहीवर लिहिलं. मग काकांना फोन लावला.

त्यांनी ते मला पुन्हा एकदा, शेवटाकडून म्हणायला लावलं. मग काका हळूच म्हणाले, "कडक."

अण्णा तर लगेच तयार झाले. टॉकीजमध्ये लागतोय म्हटल्यावर त्यांनी शेवटचा दिवस की पहिला तेही विचारलं नाही. राहिले मॅनेजरसाहेब. रविवारी शेवटचा दिवस होता आणि आम्ही शनिवारी सकाळी त्यांच्या केबिनबाहेर उभे होतो. काका म्हणाले, "तू बोल. मला घोड्यावरून बोलायची सवय आहे, जमिनीवरून जमत नाही."

मी रात्रभर दोन्ही टोकं पाठ केली होती. आत गेले. मॅनेजरसाहेब डब्यातला पराठा खात होते. मी म्हणाले, "सर, मी वैशाली, आपल्याकडे एक विनंती घेऊन आले आहे." आणि एका श्वासात पुढे म्हणाले, "आपण वेळ दिल्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे."

मॅनेजरसाहेबांचा घास हातातच राहिला. "किस बात का आभार?"

दारामागून काकांचा आवाज आला, "मधलं बोल! मधलं!"

मग मी बोलले. काय बोलले ते मला सलग आठवत नाही. बाबांचं सांगितलं, खिडकीवरच्या हसण्याचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. म्हशीचं सांगायची गरज नव्हती. मॅनेजरसाहेबांनी पराठा संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "दोपहर का एक शो. शाम को दरोगा. और बोर्डवाला, शाम को बोर्ड बदलना, हां?" काका म्हणाले, "बघतो." त्यांनी "हो" म्हटलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता पत्रे. दोन 'ती' होत्या, 'ती नाही नाती'च्या. दोन 'मा' होते, 'आ मामा आ'चे. "बघ," काका म्हणाले, "मामा शेवटी आले की नाही कामाला!" पण 'झी' नव्हता. एवढ्या वर्षांत लागलाच नव्हता. काकांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून सपाट केला आणि लाल ऑइलपेंट काढला. ऑइलपेंट वाळायला दिवस लागतो. एक बाजू वाळल्याशिवाय पत्रा पालथा घालता येत नाही. आमच्याकडे उरलेला वेळ एकाच बाजूपुरता होता. दुसरी बाजू रविवारी सकाळी रंगवून ओलीच टांगावी लागणार होती.

काकांनी पत्र्याच्या एका कोपऱ्यात खडूने 'बाजार' लिहिलं आणि त्या बाजूने सुरुवात केली.

मी म्हटलं, "काका, आधी पुढची बाजू नको का? अण्णा स्टेशनकडून येणार, हारतुरे घेऊन."

ब्रश न थांबवता ते म्हणाले, "तुझ्या बापाची पुढची बाजू कुठली?"

रविवारी सकाळी काकांनी घोडा रस्त्यात मांडला. दोन्हीकडच्या रिक्षा थांबल्या, हॉर्न सुरू झाले. लालासेठ पांढराशुभ्र सफारी घालून आले. शेवटचा दिवस म्हणून खास घातला होता, पण म्हणाले, "बुड्ढा गिरेगा तो मेरी कील भी जाएगी," आणि स्वतः घोडा धरून उभे राहिले. काकांनी पहिली 'ती' लालांच्या टोकाला टांगली, दुसरी टॉकीजच्या टोकाला. मग एक 'मा', मग दुसरा 'मा'. मध्ये एका पत्र्याची जागा राहिली. बाजाराच्या बाजूला तोवर दोन टेम्पो येऊन थांबले होते. आमचा अख्खा पाडा आला होता. स्टेशनवरून येणं जवळ पडलं असतं, पण बाबांनी मुद्दाम लांबचा वळसा घालून सगळ्यांना कारखान्याच्या जिन्यापाशी आणून उभं केलं होतं.

मी 'झी' कडेला धरून वर दिला. काकांनी घेतला. आणि तो त्यांच्या हातून सुटला. एवढ्या वर्षांत एकही पत्रा सुटला नव्हता म्हणतात. लालासेठनी वर पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि पत्रा छातीशी धरला. ओल्या बाजूने.

रिक्षावाले मान बाहेर काढून बघू लागले. हॉर्नसुद्धा थांबले. लालांनी पत्रा हळूहळू सोलल्यासारखा बाजूला केला. पांढऱ्या सफारीवर लालभडक 'झी' उमटला होता, आरशात दिसावा तसा उलटा. पत्र्याच्या त्या बाजूला नुसता लाल राडा उरला होता. बाजाराची वाळलेली बाजू मात्र शाबूत होती.

"बोर्डवाला," लालासेठ खूप शांतपणे म्हणाले, "सारी उमर मेरे को उलटा पढ़ाया. अब मेरे ऊपर ही छाप दिया?"

काका वरून म्हणाले, "सेठ, हलू नका. तुम्ही आहात तिथेच बरोबर आहात."

त्यांनी पत्रा मागून घेतला आणि टांगला. स्टेशनच्या बाजूला 'ती मा', मग लाल डाग, मग 'मा ती', आणि त्या डागाच्या बरोबर खाली लालासेठ. मिलवाले अण्णा हार घालून, बँड घेऊन त्या बाजूने आले, वर बघितलं आणि कळवळून ओरडले, "अहो, मधलं कुठंय?"

"खाली बघा!" काका म्हणाले.

अण्णांनी खाली बघितलं. लालासेठनी, देवाशपथ सांगते, छाती पुढे काढली.

मी मात्र तेव्हा दुसऱ्या बाजूला बघत होते. बाबा पाड्याच्या लोकांच्या पुढे उभे होते. त्यांनी हात वर केला आणि एकेका अक्षराला बोट लावत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ती. मा. झी. मा. ती." मग सगळं एकदम, "ती माझी माती." मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाबा तारेखालून या बाजूला आले, त्यांनी मागे वळून पुन्हा बोट वर केलं, डागापाशी थांबले, सेठच्या छातीकडे बघितलं आणि वाचलं, "ती माझी माती." मग वर काकांना म्हणाले, "उस्ताद, हितून बी तेच."

काका घोड्याच्या टोकावर बसले होते. पिक्चर सुरू झाला तरी ते खाली उतरले नाहीत, रिक्षा कडेकडेने जाऊ लागल्या. आत आमची म्हैस आली तेव्हा अख्ख्या पाड्याने शिट्ट्या मारल्या आणि अण्णांना वाटलं त्यांच्या मुलाला मारल्या. पिक्चर कसा होता ते मी सांगत नाही. काकांना नावावरून कळला होताच.

संध्याकाळी दरोग्याच्या खेळाला बोर्ड बदलायचा होता. काकांनी बदलला नाही. मॅनेजरसाहेब बाहेर आले, तारेकडे बघितलं, तारेखाली तोच सफारी घालून बसलेल्या लालासेठकडे बघितलं आणि पुन्हा आत गेले. दरोग्याचा शेवटचा खेळ तारेवर स्वतःचं नाव नसतानाच झाला.

आठ दिवसांनी काका नाशिकला लेकीकडे राहायला गेले. पत्रे भंगारात निघाले होते. जाण्याआधी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "एक उचल." मी 'वै' शोधत होते. त्यांनी माझ्या हातात 'झी' दिला. "मधलं तू घे. तुझं नेहमी तेच राहतं." तो पत्रा आता आमच्या घरी भिंतीवर आहे, वाळलेली बाजू पुढे करून. गेल्या महिन्यात मी वर्गात दहा मिनिटं बोलले. विषय सांगायला नकोच. सर म्हणाले, शेवट जरा घाईत झाला. मधलं चांगलं होतं.

टॉकीजची इमारत बांधकामाच्या पत्र्यांनी झाकली आहे, पण तार अजून आहे. लालासेठनी खिळा काढला नाही. तार रिकामी बघवत नाही म्हणून त्यांनी तिच्यावर आता दुकानाची एक मोठी जीन्स टांगली आहे. परवा मी तिथूनच काकांना फोन केला. त्यांनी तब्येतीचं काही सांगितलं नाही. पहिला प्रश्न तोच होता, "तारेवर काय लागलंय?"

"जीन्स," मी म्हटलं.

"स्टेशनकडून?"

"जीन्स."

"आणि बाजाराकडून?"

मी टॉकीजच्या पायऱ्या होत्या तिथून तारेखालून पलीकडे गेले, जिन्यापाशी उभी राहिले आणि नीट बघितलं. "जीन्सच दिसते काका."

पलीकडे ते खुदकन हसले. मग म्हणाले, "मग चालणार. लालाला सांग, पंचवीस आठवडे उतरवायची नाही."